पाटीवरचं ‘पूर्वी’

आबा पहिल्या पायरीच्या पाया पडले, आणि मागं उभी असलेली माणसं हसली.

पायताण त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. मुंडासं सारखं केलं. वाकून पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला. आमच्याकडं देवळात किंवा कुठल्याही मोठ्या घरात शिरताना म्हाताऱ्या माणसांची ही रीतच. आता हे काही देऊळ नव्हे. कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातला, इंग्रजांच्या काळातल्या कस्टमच्या गोऱ्या साहेबाचा बंगला. त्याचं म्युझियम झालंय. लोक बूट घालूनच पुढच्या मोठ्या जिन्यानं वर जात होते. पण आपली लेक जिथं काम करते ते घर आबांना मोठंच वाटणार.

त्यांच्या हातात तिकीट होतं. रांगेत उभं राहून त्यांनी स्वतः काढलेलं. मी म्हटलं होतं, माझ्या ओळखीवर सोडतील. तर म्हणाले, “फुकाट कशाला? पाव्हना हाय म्या.”

मॅनेजर मॅडम पुढं आल्या. त्या कधी ओरडत नाहीत. हळू बोलतात, हसून बोलतात.

“मावशी, तुम्हाला माहीत आहे ना? बाबांना मागून घ्या. इथं गर्दी आहे.”

गर्दी म्हणजे सात-आठ पर्यटक. मावशी म्हणजे मी. मॅडम माझ्याच वयाच्या आहेत.

आबांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. माझ्याकडं बघितलं. आणि मी काय केलं? त्यांचं पायताण उचललं आणि म्हणाले, “आबा, इकडनं.” बस्स. एवढंच. बापाच्या हातातलं तिकीट मला दिसत होतं, तरी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आम्ही ईटकडचे, भूम तालुक्यातले. मेंढरांमागं फिरणारं घर. माझे मालक या बंगल्यावर वॉचमन म्हणून लागले, मागोमाग मला साफसफाईचं काम मिळालं. बंगल्याच्या मागं राहायला एक खोली. तीन वर्षं झाली. आबांनी पंच्याहत्तरी ओलांडली, एसटी फुकट झाली, तसं त्यांनी घोशा लावला, “पोरीचा मूझम बघायचाय.” आणि एकटे आले. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही. मेंढरांमागं सडकेनं चालता चालता मैलाचे दगड आणि एसटीच्या पाट्या वाचून अक्षरओळख झालेली. त्यामुळं पाटी दिसली की मोठ्यानं वाचायची खोड. स्टँडपासून बंगल्यापर्यंत त्यांनी एक पाटी सोडली नव्हती. “ता-जी श-हा-ळी.” “खोल्या भाड्या-ने मिळ-तील.” मी हसत होते. त्या दिवशी तेवढंच काय ते मी हसले.

मागचा जिना लोखंडी. अरुंद, गोल गोल फिरत वर जाणारा, खाऱ्या हवेनं गंजलेला. दोन्ही बाजूंनी भिंती, आत अंधार. लोकांची ये-जा असते त्या वेळात बादली-झाडूवाल्यांनी याच जिन्यानं चढायचं, असा नियम. गंमत अशी की वरच्या टोकाला दोरी बांधलीय, कारण हा जिनासुद्धा बघायची वस्तू आहे. गाईड लोकांना दोरीपाशी आणतो आणि वाकून बघायला सांगतो. तेव्हा आम्ही खालच्या वळणावर अंधारात गप उभं राहायचं. त्याचा आवाज पुढच्या खोलीत गेला की दोरीखालून निघायचं. हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही.

आबांना धाप लागली. गुडघे भरून आले.

“थांबा आबा. वर लोक हायेत.”

“थांबू कुठं? पाय टेकाया जागा न्हाय गं हितं.”

त्यांनी दोरीला हात घातला आणि वर निघाले. मागून मी, एका हातात त्यांचं पायताण.

दोरीपलीकडं सगळे उभेच होते. गाईडचं बोलणं तोंडात राहिलं. एक बाई म्हणाली, “वॉव, किती रिअल! हे लोक रोज असतात का?” मोबाईल वर झाले. आबांना वाटलं, फोटो काढतायत म्हणजे मान देतायत. मुंडासं सारखं करून ते ताठ उभे राहिले. हसले देखील. मला ते हसणं बघवेना.

मग त्यांना पाटी दिसली. बोट ठेवून वाचायला लागले.

“पू-र्वी नोकर-चाकर या जिन्या-ने ये-जा क-रीत. साहे-बांच्या व पाहु-ण्यांच्या नज-रेस ते पडू नयेत, अशी यो-जना होती.”

लोक पुढच्या खोलीत गेले. आबा पाटीपाशीच.

“पूर्वी म्हंजी कवा गं?”

“इंग्रज व्हते तवा.”

“मग आत्ता आपून कुठनं आलो?”

ती पाटी मी तीन वर्षं रोज पुसत होते. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. मला वाचता येतं. सातवी शिकलेय. पण ते आपल्याबद्दल लिहिलंय हे कधी डोक्यात शिरलं नाही. मी अक्षरं पुसत होते, वाचत नव्हते.

आम्ही उतरलोही तिथूनच. आबा तोंड जिन्याकडं करून उतरले, झाडावरून उतरावं तसे. साहेबाचा पलंग बघितला नाही, पियानो नाही, चिनी बशा नाहीत. तिकिटाची तेवढी नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोलापूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाले, “मागनं चालायची लाज न्हाय मला. जलमभर मेंढरांच्या मागंच चाललो. पर कुठं वळायचं ते म्या ठरवायचो.” गाडी सुटली. मी नुसती मान हलवली. त्या दोन दिवसांत मी दुसरं काही केलंच नाही.

पंधरा दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. खुशीत होता.

“अक्का, आबा सगळ्या गावाला सांगायलेत, लेकीनं मला सायबाच्या मोठ्या जिन्यानं नेलं म्हून. तिकीट दावतेत. गुडघा टम्म सुजलाय, पर बोलनं काय थांबंना.”

फोन ठेवला आणि बादलीपाशी बसून मी रडले. आबा खोटं बोलणारा माणूस नाही. लेकीची लाज झाकायला त्यांना म्हातारपणी खोटं बोलावं लागलं. इतके दिवस मी मॅडमला मनातल्या मनात शिव्या घालत होते. पण आबांना पायरीवरून वळवलं कुणी? हुकूम मॅडमचा. हात माझा.

दुसऱ्या दिवशी भरल्या गर्दीत मी बादली घेतली आणि पुढच्या जिन्यानं चढले. लोक बाजूला सरकले. दोघांनी तर बघितलंही नाही. कुणी मेलं नाही. वरच्या पायरीवर मॅडम उभ्या होत्या.

“मावशी, हे काय चाललंय? माणसानं आपली पायरी ओळखून असावं.”

“पायरी वळखते की, मॅडम. बावीस हायेत. रोज म्याच पुसते.”

पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत.

“असं चालणार नाही. कामावरून काढावं लागेल.”

“काढा. पर आधी त्या पाटीवरचं ‘पूर्वी’ काढा.”

यानं काही बदललं असं कुणी समजू नये. पाटी तशीच आहे. माझ्या जागी दुसऱ्या बाईचा शोध चालू आहे, हे गाईडनंच सांगितलं. मालक घाबरलेत. रोज म्हणतात, “तुझ्या एका जिन्यापायी दोघांची भाकर जाईल, खोली जाईल.” खरं आहे. आबांचा गुडघा काही बरा होत नाही, ते आता परत येणार नाहीत. तो जिना त्यांचा चढायचा राहिला तो राहिलाच. मी एकटी कितीदा चढले तरी आबांचं सांगणं खरं होणार नाही.

तरी मी रोज पुढूनच चढते. बादली घेऊन, सगळ्यांच्या देखत. कामावरून काढतील त्या दिवशीही आधी वर जाईन, पाटी पुसेन. मग बावीसच्या बावीस पायऱ्या पुढच्या जिन्यानंच उतरेन. पायात पायताण घालून.