बरणीबाई आणि फाटलेली झडप

आमच्या रुग्णालयाच्या तळघरात काचपट्ट्या बनवणाऱ्या बाईंना सगळे बरणीबाई म्हणत. हृदयातून काढलेली निकामी झडप खाली आली की ती फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवायची, पातळ पापुद्रे कापून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. मी शेजारच्या टेबलावरचा डॉक्टर. अहवालावर सही माझी, नजर त्यांची.

वर बडे सर्जन होते. हात चांगला, कबूल. पण पेशंट वाचला तर यांच्यामुळे, बिघडला तर त्याच्या स्वतःमुळे. डुकराची झडप बसवताना ते दरवेळी सांगत, ही रसायनात धुतलेली मेलेली कातडी, शरीर हिला परकी म्हणून ओळखत नाही. वाचायचा कंटाळा एवढा, की टेबलावरच्या नियतकालिकांची पाकिटंही फोडलेली नसत.

एका बसचालकाच्या मुलीला त्यांनी एकोणिसाव्या वर्षी अशी झडप बसवली. बसवल्यापासून पाचव्या वर्षी ती कडक होऊन फाटली. साहेबांनी मुलीला आईसमोर झापलं, गोळ्या चुकवल्या असणार. मग आईही लेकीलाच बोल लावू लागली. पुन्हा छाती उघडून धातूची झडप बसवली, जुनी बरणीबाईंकडे आली.

बाईंनी चार दिवस मान वर केली नाही. झडपेत मुलीच्याच संरक्षक पेशी घुसल्या होत्या. धुऊनही कातडीत डुकराच्या पेशींवरची शर्करा उरली होती, तिला मुलीची प्रतिपिंडं चिकटली होती, आणि तिथेच कॅल्शियम साचलं होतं. तरुण शरीर जास्त जोमाने लढतं. बाईंनी जुन्या बरण्या काढल्या. तिशीच्या आतल्या अकरांपैकी नऊ जणांत हेच.

बैठकीत त्यांनी हे पडद्यावर दाखवलं. साहेबांनी न बघताच नेहमीचं वाक्य टाकलं. सहा डॉक्टरांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मी स्वतःचे बूट बघत बसलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "शरीर ओळखतं, साहेब. तुम्ही ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मेमो पडला. तो पर्समध्ये कोंबून, बरणी घेऊन त्या जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात गेल्या आणि मुलीच्या पलंगावर बसल्या.

"गोळी कधी चुकली का, ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही त्यामुळे फाटलेली नाही. तुझ्या अंगाने तिला परकं मानलं, एवढंच."

आई बराच वेळ बरणीकडे बघत राहिली. मग तिने लेकीचे विस्कटलेले केस सारखे केले. एवढे दिवस तिने तिला हात लावला नव्हता.

वर्षभराने साहेबांनी त्याच नऊ काचपट्ट्या परिषदेत 'आमचं निरीक्षण' म्हणून दाखवल्या आणि टाळ्या घेतल्या. मी चिडलो, तर बाई म्हणाल्या, "आता तरी तरुण पोरांना बसवताना दोनदा विचार करतील."

तेवढा विचार साहेबांनी केला. परिषदेनंतर छापलेल्या शोधनिबंधात बाईंचं नाव कुठेच नाही. माझं तिसरं आहे. ते काढा, असं मी म्हटलं नाही.