गेलेला कोपरा

आमच्या घरात भीतीची वाटणी झाली तेव्हा सगळी माझ्या वाट्याला आली, ताईला काहीच मिळालं नाही. ती शाळेची बस चालवते. मी टीव्ही दुरुस्त करतो, तेसुद्धा प्लग काढलाय ना याची दोनदा खात्री करून. ताई अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. बसमधली पोरं तिला 'हवालदार' म्हणतात, आणि रस्त्यात आडव्या आलेल्या ट्रकवाल्यालाही ती खाली उतरून चार शब्द सुनावते. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हिचं कसं व्हायचं. तिनं मोठ्या गाडीचा परवाना काढला आणि त्याच्या जोरावर मुलींची शिक्षणं केली. तिच्या हातातलं स्टिअरिंग सुटलं तर काय, हा विचारसुद्धा मला नको वाटतो.

हल्ली मात्र तोच सारखा मनात यायचा. बसला ओरखडे पडू लागले होते. एक आरशाखाली, एक दाराच्या कडेला, एक मागच्या चाकाच्या वर. सगळे डाव्या अंगाला. "गल्ल्या अरुंद झाल्यात," ताई म्हणायची. गल्ल्या काय धुतल्यावर आटतात? पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मी तर नाहीच.

अशात एका सुट्टीच्या दिवशी दुकानाचा माळा आवरताना आमचा लहानपणचा कॉम्प्युटर सापडला. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर. तो टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. मी फोन केला, तशी ताई कणीक तशीच टाकून आली. बोटांना पीठ होतं.

कॅसेट आपली जुनीच किंकाळी मारत फिरली आणि पडद्यावर ती आली. पोट सुटलेली लाल गाडी, दिव्यांच्या जागी बटबटीत डोळे. एकाखाली एक फळ्या. गाडी पहिल्या फळीवरून उजवीकडे धावते, टोकाला खाली टपकते, मग दुसऱ्या फळीवरून डावीकडे. मधे खड्डे. लांब बटण दाबलं की टुणकन उडी, चुकलं की चारी चाकं वर आणि एक रडकी धून. सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, पिवळा पेट्रोल पंप. तिथं पोचलं की जिंकलं.

आमच्या तेव्हाच्या टीव्हीचा नेमका तोच कोपरा गेलेला होता, तिथं नुसता काळोख. शेवटचा खड्डा त्या काळोखात. मी काचेला नाक लावून बसायचो, तेव्हा मला तो पुसट दिसायचा. गाडी जवळ आली की मी ओरडायचो, "हप!" आणि ताई डोळे झाकून उडी मारायची. तिनं माझ्यावर ठेवलेला तेवढाच भरवसा.

आता पहिली फळी तिनं झोकात पार केली. दुसरीवर गाडी डावीकडे वळली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. ताई खळखळून हसली. "हात बसायला वेळ लागतो रे." पुन्हा तेच. मग पुन्हा. उजवीकडे जाताना एक चूक नाही, डावीकडे वळली की गेलीच. मी हसायचा थांबलो. कशीबशी ती एकदा तळाच्या फळीपर्यंत पोचली.

"झोपलास का भित्र्या? हप म्हण की!" ती खेकसली. "आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातच कोपरा गेलेला टीव्ही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

टीव्ही नवा होता. कोपऱ्यातला पंप लख्ख पिवळा दिसत होता, त्याच्या अलीकडचा खड्डाही.

'हो गं, करायचाय दुरुस्त,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती हसत घरी गेली असती. आणि उद्या सकाळी पोरं बसमध्ये चढली असती, डाव्या दारानं.

"ताई," मी म्हणालो, "हा तो टीव्ही नाही. याचा कोपरा चांगला आहे."

"चल, थट्टा करू नकोस."

मग तिनं सावकाश मान डावीकडे वळवली. आता तिला पंप दिसला. गाडी केव्हाच खड्ड्यात पडली होती, रडकी धून वाजत राहिली, आणि ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"परवा शाळेच्या फाटकापाशी एक बाई किंचाळली," ती म्हणाली. "म्हणून मी ब्रेक दाबला. तिचं लेकरू माझ्या दाराला लागून होतं म्हणे. मला काहीच दिसलं नव्हतं रे. उलट तिलाच झापलं मी. म्हटलं, आधी मुलाचा हात धरायला शिक."

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"भित्र्या, मला भीती वाटतेय."

भीती वाटली की काय करायचं, हे आजवर तीच मला सांगत आली होती.

तिनं पर्समधून बसची किल्ली काढून कीबोर्डवर ठेवली. "मालकांना फोन लाव. उद्यापासून दुसरा माणूस बघा म्हणावं. मला नाही जमणार सांगायला." मी फोन लावला. मी बोलत होतो तोवर ती किल्लीकडेच बघत होती. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर तिनं नुसती मान डोलावली. ताईनं वाद घातला नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

निघताना तिनं माझा दंड धरला. "माझ्या डावीकडून चाल."

दुकानापुढं उघडं गटार आहे. येताना ती ते सवयीनं ओलांडून आली होती. आता त्याच्या काठाशी ती थांबली, आणि तिची बोटं माझ्या दंडात रुतली. ती वाट बघत होती.

"हप," मी म्हणालो.