कमरेची वाळू

कुडत्याच्या आतून वाळू गळत होती आणि मी काट्यावर उभी होते. चाकणच्या एका कंपनीचं गेट, मालाची खोकी मोजायचा काटा, मागे बायकांची रांग. ठेकेदाराचा माणूस खुर्चीतून उठला. इथल्याच जुन्या गावचा, जमिनीच्या पैशावर बसलेल्या घरातला. वाळूकडे बघून हसला. "घरी खायला न्हाई का गं तुझ्या? आमचं खोकं तुझ्यापेक्षा जड हाय." मागच्या बायकाही हसल्या. त्यांच्याही कमरेला वाळू होती. त्याने झाडू पायाने माझ्याकडे सरकवला. "तू सांडलीस, तूच झाड."

मी झाडायला बसले.

ठेक्यावरच्या बायकांना सात महिन्यांनी ब्रेक देतात. पुन्हा घेताना वजन करतात. चाळीस किलोच्या खाली भरली की गेटवरूनच परत. म्हणून आमच्यात एक युक्ती होती. जुन्या परकराची लांबट पिशवी शिवायची, आत बारीक वाळू, नाडीने कमरेला बांधायची. मला ती आक्काने शिकवली, माझ्या थोरल्या बहिणीने. आम्ही दोघी लातूरकडून आलेल्या, एकाच लाइनवर वायरी जोडायचो.

आक्का माझ्यासारखीच हडकुळी. आमची अंगकाठीच तशी, असं आई म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. पहिल्या ब्रेकनंतर तिला एक पिशवी लागली. पुढच्याला दोन. तिसऱ्याला तीन, आणि तेव्हा ती खोकत होती. पिशव्या मी शिवल्या. माझ्या हाताने. वजन कुठे चाललंय असं विचारलं नाही, टाका नीट येतोय का एवढंच बघितलं. आक्का तिन्ही वेळा पास झाली. टीबी कळला तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची आंघोळ घालताना तिच्या कमरेवर नाडीचे काळे वळ दिसले. ते अजून दिसतात मला. भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही.

झाडता झाडता माझा हात थांबला. त्या माणसाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. मी उरलेली पिशवी सोडली, त्याच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा काट्यावर चढले.

"छत्तीस," मी म्हणाले. "खरं लिव्हा आन् वजनाचा कागद द्या."

"मग काम न्हाई मिळायचं."

"नसू द्या. कागद द्या."

तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. थुंकी, छातीचा फोटो, रक्त, सगळं तपासलं. टीबी नव्हता. रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसातला पहिला घास कधी खाता?" आमची अंगकाठीच अशी, असं म्हणून पाहिलं, मग खरं सांगितलं. पहिल्या शिफ्टला नुसत्या चहावर निघायचं, घरी सगळ्यांचं झालं की उरेल ते खायचं. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगताना रडू आलं. "अंगकाठीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी पोटात पडू दे." ताकदीच्या पावडरी नकोत. निघण्याआधी भाकरी, सुट्टीत शेंगदाणे-गूळ, अंडं, घट्ट डाळ, दर तीन तासांनी काहीतरी. रक्ताच्या गोळ्या दिल्या आणि दर महिन्याला वजनाला बोलावलं.

आता मी सगळ्यांच्या आधी जेवते. सासू तोंड वाकडं करते. नवरा दोन दिवस बोलला नाही, मग बोलला. वजन साडेअडतीस आहे. काम सध्या एका लहान वर्कशॉपमध्ये करते.

काल शेजारची नवी सून पिशवी शिवून मागायला आली. महिनाभर संध्याकाळी ताप येतो म्हणाली. मी शिवली नाही. तिला बसवून वाढलं. तिची सासू दाराशी येऊन भांडली, आमच्या सुनेचं काम घालवतेस म्हणाली. भांडू दे. उद्या आठ वाजता मी तिला दवाखान्यात नेणार आहे. तिथल्या काट्यावर भरेल तेच लिहून घेणार आहे, आणि तो कागद ठेकेदाराच्या त्या माणसाला रांगेतल्या बायकांसमोर मोठ्याने वाचायला लावणार आहे.