शिदूचा दम

नव्या कॅनव्हासच्या बुटांचा वास आला की मला क्लबचा व्हरांडा आठवतो. मी तेव्हा बारा वर्षांची होते. क्लबच्या फंडातून दरवर्षी एका गरीब धावपटूला बूट, दूध आणि वर्षभर शिक्षण मिळे. त्याला गिरणीत जावं लागत नसे. त्या वर्षी मेंढपाळाचा शिदू पहिला आला होता. तपासणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं आणि बाबा पाहुण्यांत गुंतले होते, म्हणून दुभाषी मी.

"छाती कशी आहे?" मी खाली बघत विचारलं.

"छातीत लई दम हाय की, अक्कासाब!" शिदू हसला.

आमच्या घरी दम म्हणजे आत्याचा आजार. मी इंग्रजीत सांगितलं, याला धाप लागते. डॉक्टरांनी नाव खोडलं. शिदू बुटांकडे बघत उभाच होता.

परतताना टांगेवाल्याने घोड्याला थोपटलं. "म्हातारा झाला, पर लई दम हाय ह्याच्यात!"

दम म्हणजे ताकदही, हे मला तेव्हा कळलं. बाबा शेजारीच बसले होते. टांगा वळवायला एक वाक्य पुरलं असतं.

शिदू गिरणीत लागला. कापसाच्या धुळीने आता त्याला खरंच धाप लागते. चूक शब्दाची होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.