वगार आणायची राहिली

मला शाळेत मार्क भरपूर पडले आणि घरात संस्कारही भरपूर झाले, त्यामुळे चौतिसाव्या वर्षी मी बिनलग्नाचा आहे.

यात दोष कुणाचा, यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. वडील, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. त्यांचं म्हणणं, "मार्क पायजेत. बाकी सगळं मागून येतं." आईचं म्हणणं, "मार्क काय चाटायचेत? लेकरू खरं बोलणारं पायजे." या ओढाताणीत मी एकटाच सापडलो (एखादा भाऊ असता तर वाटणी तरी झाली असती!). अण्णांनी दहावीला माझ्याकडून तालुक्यात नंबर काढून घेतला आणि तोंडातून खोटं निघणारच नाही याचा बंदोबस्त आईनं केला. आज मी बी.एस्सी. बी.एड. आहे, भोकरदनच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो, आणि अनुदान आलं की मला पगार मिळणार आहे.

गल्लीच्या पलीकडं, बरोबर आमच्या समोर, माझा चुलतभाऊ गजू राहतो. तो माझ्याच वर्गात होता. सुट्टी पाहिजे असली की तो आजीला मारून टाकायचा. "सर, आजी वारली," म्हणून रडायचा. त्याची आजी तीच माझी आजी! सर मला विचारायचे, "का रे दिलीप, खरंय का?" मी उभा राहून सांगायचो, "न्हाई सर, आजी ओट्यावर शेंगा फोडून राह्यली." मग सर गजूला मारायचे आणि गजू मला. दहावीत तो गणितात आपटला, इंग्रजीत आपटला, आणि त्यानं म्हशी घेतल्या. आता त्याच्या दाराशी म्हशी आहेत, ट्रॅक्टर आहे, आणि लोक त्याला "गजूशेठ" म्हणतात. मला "आपले ते मास्तर" म्हणतात.

लग्नाचं म्हणाल तर माझा बायोडाटा बघून लोक आधी "वा वा" म्हणायचे आणि मग पगार विचारायचे. मी सांगायचो! आमचे मामा मध्यस्थ. ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

"आरं, पंचवीस हजार म्हणायला जीभ झडती का तुझी?"

"पण मामा, मिळत न्हाईत ना."

"ते तुला अन मला म्हाईत. त्यान्ला कशाला?"

अशी स्थळं येत राहिली आणि जात राहिली. शेवटी वाटूरकडचं एक जमत आलं. तिथं मला पगार कुणी विचारलाच नव्हता. मुलीचं नाव शीतल. बघायला गेलो तेव्हा चहाचा कप देत तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

मी म्हणालो, "गणित."

ती हसली. ते हसणं चेष्टेचं होतं की कौतुकाचं, मला कळलं नाही. पण परतीच्या एसटीत मी पुरता तिचा झालो होतो. खरं सांगतो (मला दुसरं येतच नाही), एवढी आशा मला निकालाच्या दिवशीसुद्धा कधी वाटली नव्हती. हे जमलं नाही तर पुढं काही जमणार नाही, असं आतून वाटत होतं. दोन दिवसांत तिच्या वडिलांचा, दत्तरावांचा, निरोप आला. "पोरगा पसंत हे. रविवारी घर बघायला येतो."

आमच्याकडं घर बघायला येणारा पाहुणा घर बघतच नाही. तो सरळ गोठ्यात जातो. दारात दुभतं जनावर असलं म्हणजे घर खातंपितं, असा सगळ्यांचा बिनचूक हिशेब. आमच्या गोठ्यात अण्णांची मोटरसायकल होती आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे.

आई म्हणाली, "गजूची एक म्हस आणून बांधू."

"आई! हे खोटंय!"

"आपण कुठं बोलून राह्यलो? म्हस नुसती उभी राहीन. तू फकस्त तोंड बंद ठेव."

मला वाटलं, अण्णा तरी विरोध करतील. अण्णांनी चष्मा लावला. "दूध किती देते ते आधी ठरवा. तिघांची उत्तरं जुळली पायजेत. नऊ लिटर लिहून घ्या."

लग्न गजूचंही व्हायचं होतं, तरी त्यानं मन मोठं केलं. आपली सगळ्यात देखणी म्हैस, चंद्री, सकाळची धार काढून आमच्या दारात बांधून गेला. जाताना म्हणाला, "दुपारी जल्दी आणून सोड बरं. धारंच्या टायमाला लोच्या व्हईन." पाहुणे अकराला येणार होते. वेळच वेळ होता. म्हशीबरोबर तिची वगार, म्हणजे दूधपितं पिल्लू, आणावं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. (आमच्या घरात डिग्र्या तीन आहेत!)

अकराचे पाहुणे पाच वाजता आले. वाटेत जीप पंक्चर झाली म्हणे. आई तोवर पोहे तीनदा गरम करून बसली होती.

दत्तराव उतरले ते थेट गोठ्यात. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "झ्याक हे म्हस! किती देती?"

"नऊ लिटर," अण्णा आणि आई एका सुरात म्हणाले. मी खोकलो.

तेवढ्यात चंद्री ओरडली. धारेची वेळ झाली होती. तिचा आवाज संपतो न संपतो तोच गल्लीच्या पलीकडून, गजूच्या गोठ्यातून, बारक्या आवाजात उत्तर आलं. चंद्री पुन्हा ओरडली. पुन्हा उत्तर!

दत्तरावांनी कान टवकारले. "वगार कुठंय हिची?"

अण्णा चष्मा पुसायला लागले. प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा होता.

"चरायला गेली," आई म्हणाली.

"पिती वगार? चरायला?" दत्तराव हसले. "बरं राह्यलं. वैनी, चहा काही टाकू नका. ताजं दूध घेतो कपभर."

आता माघार नव्हती. आई बादली घेऊन बसली. परका हात, समोर वगार नाही, म्हैस पान्हा कशाला सोडते? आईनं चुचकारलं, आईनं गोंजारलं, आईनं सगळे देव आठवले. चंद्रीनं एक लाथ घातली. बादली उडाली ती ओट्यावरच्या पोह्यांच्या परातीत! दुसऱ्या झटक्यात खुंटा उपटला, आणि चंद्री आमचा खुंटा फरफटत गल्ली ओलांडून गजूच्या गोठ्यात शिरली. तिच्या मागं आई, आईमागं अण्णा, अण्णांमागं पाहुणे आणि सगळ्यात शेवटी मी. आम्ही पोचलो तेव्हा वगार चुरूचुरू दूध पीत होती.

गजू बनियनवर उभा होता. पाहुणे बघून त्यानं क्षणाचाही वेळ घालवला नाही. "आली का काकांची म्हस! नवीन बांधकाम काढायचंय ना काकांना, म्हणून वगार माझ्याकडं ठिवली. दोघींला करमत न्हाई बगा!"

वा रे वा! मला माहीत असूनही क्षणभर पटलं. दत्तराव माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. म्हस कुणाची?"

आई डोळे वटारत होती. अण्णा मान हलवत होते. गजू डोळा मारत होता. डोळ्यांसमोर शीतल आली. आयुष्यानं माझ्याकडं एवढंच मागितलं होतं, एक खोटं! मी तोंड उघडलं.

"गजूची," मी म्हणालो. आणि तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पूर्ण मार्कांची सवय! "आजच्यापुरती आणली. आमच्याकडं जनावर न्हाई. पगार चालू न्हाई. बांधकाम बी न्हाई. नऊ लिटर हा आकडा अण्णांनी काढला."

आईनं पदर तोंडाला लावला. दत्तराव मात्र पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "दिवा घिऊन हुडकला तरी असा पोरगा सापडायचा न्हाई!" मग ते गजूकडं बसून दूध प्यायले आणि गेले. मी मनातल्या मनात मांडव घातला.

तीन दिवसांनी मामांचा फोन आला. "दत्तराव तुझे लई गुण गाऊन राह्यलेत."

"मंग तारीख?"

"धरली. गजूसंग."

"मामा, पण तो धादांत खोटं बोलला!"

"मी बी तेच म्हणलो. ते म्हणले, चुलत्याची लाज राखायला बोलला. पोरीची बी राखीन."

"अन शीतल?"

"ती म्हणली, मास्तर चांगले हेत. पण जलमभर तोंडी परीक्षा कोण दिईन?"

मी फोन ठेवला आणि रडलो. थट्टा नाही, लहान लेकरासारखा रडलो. घरात सांत्वन असं झालं: अण्णा म्हणाले, "तू बी नापास झाला असता तर आपल्या बी म्हशी असत्या." आई म्हणाली, "मी तुला इतकं बी खरं बोलायला शिकवलं न्हवतं."

लग्न थाटात झालं. दत्तरावांनी हट्टानं मला कोठीवर बसवलं. लाडूंची खोली सांभाळायची, पंगतीचा अंदाज घेऊन बाहेर द्यायचे, आणि कुणाच्या पिशवीत जाऊ द्यायचे नाहीत. "कोठीवर हिशेबाला पक्का अन नियतीचा साफ माणूस लागतो," ते म्हणाले. माझे मार्क आणि माझे संस्कार, दोन्ही एकदम कामाला आलेला आयुष्यातला हा पहिला दिवस! बाहेर अक्षता पडल्या, फटाके वाजले, पंगती उठल्या. मी आतून कडी लावून बसलो होतो. शेवटी दत्तरावांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. "बगा! एक लाडू इकडचा तिकडं झाला न्हाई!"

परतीच्या जीपमध्ये आईनं विचारलं, "तोंड का सुकलं रे? जेवला न्हाई का?"

"न्हाई. लाडूसुद्धा न्हाई."

"आरं, सगळी कोठी तुझ्या ताब्यात होती ना!"

"होती की. पण मला घे असं कुणी म्हणलंच न्हाई!"