विहाराशेजारचे सहा कॉम्प्युटर

धम्मप्रिया दिवसा एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि संध्याकाळी बुधवार पेठेतल्या विहाराशेजारच्या अभ्यासिकेत. तिथले सहा कॉम्प्युटर एका कचेरीने मोडीत काढलेले. तिने ते मागून आणले, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम चढवली, आणि चार वर्षं वस्तीतल्या मुली तिथंच मराठी टायपिंग शिकल्या.

यंदा मार्चमध्ये टायपिंगच्या परीक्षेच्या सरावाचं पान जुन्या ब्राउझरवर उघडेना, म्हणून तिने सगळ्यांवर एकदम नवं अपडेट घातलं. मशीन परत सुरू झाली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि स्क्रीन काळी पडली. सहाही.

"बंद पडलं व्हय गं?" तिचे वडील हणमंत यांनी दारातून विचारलं. अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"चालू आहे, आबा. कीबोर्डचा दिवा बघा, लागतोय. नुसतं दिसत नाही."

"मग चालू असून काय उपेग?"

ती मोबाइलवर शोधू लागली.

आठ दिवस वाचून तिला थोडं उमगलं. सुरुवातीला स्क्रीन कामचलाऊ रीतीने चालते. मग सिस्टिमचा गाभा ग्राफिक्स कार्ड ओळखतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, चढवतो, आणि ड्रायव्हर स्क्रीन ताब्यात घेऊन कार्ड जागं करतो. इथं ताबा घेतला जात होता, पण कार्ड जागं होत नव्हतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सामाईक मेल-यादीवर तिने मोडक्या इंग्रजीत मेल टाकला. परदेशातल्या कुणीतरी दुसऱ्याच दिवशी आपुलकीने उत्तर दिलं: इतकं जुनं कार्ड आमच्यापैकी कुणाकडेच नाही. कोणत्या बदलाने बिघडलं ते तुम्ही शोधलंत तर दुरुस्त करू. त्यासाठी मधली एकेक आवृत्ती घेऊन गाभा पंधरा-वीस वेळा नव्याने बांधून बघायचा होता. एका मशीनवर ड्रायव्हर वगळून तिने ते करून बघितलं. पहिल्याच खेपेला मशीन नऊ तास घरघरली आणि चूक दाखवून थांबली. ती चूक कशाची, हेही तिला वाचता आलं नाही.

शेवटी सहाही मशीनवर ड्रायव्हर चढूच नये अशी सोय केली. स्क्रीन आली, पण बटबटीत आणि मंद. पानाचा खालचा भाग दिसायचाच नाही.

"ताई, अक्षर मागनं येतंय की," वैजयंती म्हणाली. ती मूळची मोडनिंबची, कापडाच्या दुकानात काम करून संध्याकाळी यायची. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. "मी पुढं जाते तवा मागचं दिसतंय."

"बघते मी. एवढा आठवडा थांब."

आठवडा गेला. वैजयंती गपचूप तशीच टाइप करत राहिली आणि परीक्षेत वेगात कमी पडली. निकाल सांगायला स्वतः आली. धम्मप्रियाला मान वर करवेना.

"जाऊ द्या ताई. तुमी तरी काय करणार?"

धम्मप्रियाला हे बोलणं शिवीपेक्षा जास्त लागलं.

मे महिन्यात त्या परदेशातल्या माणसाचा पुन्हा मेल आला: काही कळलं का? तिने दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. मशीन मोडीत घालायची का, असं आबांनी विचारलं. ती नाही म्हणाली. संध्याकाळी तिने सहाही नेहमीसारख्या चालू केल्या.