मायसाठी लावलेले चार दिवे

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, ही गोष्ट पाहुण्यांसमोर काढायची नाही असं आमच्या घरी ठरलेलं आहे. ठराव बायकोने मांडला, बहिणीने अनुमोदन दिलं. तो पास झाला तेव्हा माझ्या केसांतून कढी ठिबकत होती, त्यामुळे विरोध नोंदवण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

झालं ते असं. आमची माय गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या पाठोपाठ आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे डोळे जायला लागले. पूर्ण नाही. नुसता मधलाच भाग. "कडेकडेनं दिखस," आप्पा म्हणायचे, "मधमा काळा डाग शे." म्हणजे ज्याच्याकडे बघावं, नेमका तोच गायब! म्हणून ते कोणाशीही बोलताना त्याच्या कानाकडे नाहीतर खांद्याकडे बघत. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा रुसलाय.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काही महिने मोठं मोठं दिसेल. मग तेही कमी होईल."

आता आप्पांना बघायचं होतं एकच. माय. आणि माय काही केल्या कॅमेऱ्यात सापडलेली नव्हती. मोबाइल समोर धरला की तिचा पदर तोंडावर! आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मिळून मायचे चाळीसेक फोटो आहेत, आणि ते चाळीसही पदराचे आहेत. हलती-बोलती माय फक्त एका ठिकाणी होती. शोभाताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. तेवीस वर्षं ती कॅसेट पेटीत पडून होती, कारण ती लावायचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. मी शहाद्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि आप्पांना टीव्हीसमोर बसवलं.

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मग अजून पुढे. शेवटी नाक काचेला टेकलं.

"तिन्हं तोंड कोठे शे?"

"ते काय आप्पा, तुमच्या नाकासमोर!"

"नाकसमोरनंच तं दिखत नही ना, भो."

एक मिनिट झालं नसेल. "बंद कर," म्हणाले, आणि बाहेर जाऊन गोठ्यातल्या खाटेवर बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

मी ठरवलं, मायला भिंतीएवढी करायची. तिच्या वर्षश्राद्धाला, सगळ्यांसमोर.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "शाळेचा प्रोजेक्टर घेऊन जा सर, सुट्टीच आहे." शहाण्या माणसाने तिथल्या तिथे तो काखोटीला मारला असता. मी म्हणालो, "नको सर. मी घरीच बनवतोय." (मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर आलेला भाव मला आदराचा वाटला. आता वाटतं, तो काळजीचा होता.)

शाळेतला एक मोडीत काढलेला मॉनिटर मी घरी आणला. त्याची पाठ खोलून आतला दिवा काढून टाकला, चित्र उमटतं ती नुसती काच ठेवली. ती प्लायवूडच्या खोक्यात उभी केली. काचेच्या मागे दिवा, पुढे एक मोठं भिंग. लॅपटॉपमधून चित्र काचेवर यायचं, दिव्याचा उजेड त्या काचेतून आणि भिंगातून जायचा आणि समोरच्या भिंतीवर माय मोठी होऊन उमटायची. तत्त्व इतकं सोपं होतं की ते चुकण्यासाठी शिक्षकच लागतो.

पहिल्या दिवशी एक दिवा लावला. माझी बायको वैशाली बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भिंतले ओल उनी का?"

म्हटलं, उजेड कमी पडतोय.

आता माझ्यातला शिक्षक मला सांगत होता की एका भिंगाला एका जागेवरून आलेलाच उजेड उपयोगी पडतो, बाकीचे दिवे आजूबाजूला बसून नुसते तापतात. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो! माझ्यातला मुलगा म्हणाला, गप रे, दिवा लाव.

दुसरा दिवा गोठ्यातून काढला. (संध्याकाळी अंधारात म्हशीने वैशालीला लाथ मारली. ती लाथ माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.) तिसरा ओट्यावरून काढला. उजेड वाढला, अगदी नक्की वाढला, पण भिंतीवर नाही! खोक्याच्या फटींमधून तो छतावर, कपाटावर, माझ्या डोळ्यांत, सगळीकडे गेला. खिडकीतून शेजाऱ्यांनी विचारलं, "सर, घरमा वेल्डिंग चालू करी का?"

चौथा दिवा मांडववाल्याचा हॅलोजन होता. तो इतका तापायचा की वैशालीने त्याच्यासमोर पापड धरला. पापड छान भाजला.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. दुपारी जेवणं झाली आणि मी खोलीत अंधार करायला घेतला. खिडक्यांना गोधड्या, दाराला चादर, भिंतीवर आप्पांचं धुतलेलं धोतर ताणलेलं. पंखा बंद, कारण पंख्याने धोतर हलायचं आणि मायचा चेहरा लाटांवर जायचा. मे महिना, म्हसावदची दुपार, बंद खोली आणि आत बारा माणसं. आले होते मायच्या वर्षश्राद्धाला, पण दहा मिनिटांत प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या तारखेची काळजी लागली.

आप्पा सगळ्यांत पुढे बसले होते. त्यांनी दाढी केली होती. वर्षभरात पहिल्यांदा, कोणी न सांगता.

मी तीन दिवे लावले, चौथा जपून ठेवला. व्हिडिओ सुरू केला.

आणि माय आली! पुसट, थोडी वाकडी, पण चार फूट उंच. पिवळी साडी, हातात ताट, मागे मांडव. कॅमेरा दिसताच हसली. शोभाताईने तोंडात पदर कोंबला. आप्पांनी मान तिरपी केली, जशी ते आता सगळीकडे करतात, आणि धोतराच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"नथ दिखनी," ते हळूच म्हणाले. "तिन्ही नथ शे ती."

इथे मला थांबता आलं असतं. नथ मिळाली होती, नाकही मिळालं असतं. पण मला वाटलं, तीन दिव्यांत नथ, तर चार दिव्यांत अख्खी माय. मी हॅलोजनचं बटण दाबलं.

क्षणभर सगळं खरंच लख्ख झालं. मग मायच्या कपाळावर एक काळा ठिपका उमटला. तो वाढत गेला. डोळे गेले, नाक गेलं, हसू गेलं. कडेला उरला नुसता मांडव आणि ताटाची किनार.

"दिल्या, मायना तोंडवर काय हाई काळं?" ताई माझ्यावर ओरडली. घरात मी दिल्याच.

"काय व्हयनं?" आप्पांनी विचारलं.

काच तापून काळी पडत होती. मी म्हणालो, "मधे काळं झालंय आप्पा. कडा तेवढ्या दिसतात."

आप्पांनी मान हलवली. "मंग बरं. आते तुमले बी मन्हासारखंच दिखस."

आणि तेवढ्यात खोक्यातून धूर निघाला.

"आग! आग!" हे आमचे दाजी, ताईचे यजमान, कळसाडीचे. विजेचं मुख्य बटण स्वतःच खाली पडलं, चारही दिवे विझले, खोलीत मिट्ट अंधार आणि खोक्यात एक लाल कोपरा धुमसतोय. मी त्याच्यावर वाकलो. "पाणी लया रे!" म्हणत दाजींनी मागे चाचपलं, हाताला पातेलं लागलं, आणि ते त्यांनी पूर्ण ताकदीने रिकामं केलं. पातेल्यात दुपारची उरलेली कढी होती. अर्धी खोक्यावर पडली, अर्धी माझ्यावर. आग विझली. मीही.

पण लॅपटॉप बॅटरीवर होता. तो चालूच राहिला. चाचणी घेताना मी प्रत्येक वेळी पहिलंच मिनिट लावायचो. माय बोलायला तोंड उघडायची आणि मी मागे घ्यायचो. पुढे ती काय म्हणते ते मी ऐकलंच नव्हतं. आता त्या अंधारात, धुराच्या आणि कढीच्या वासात, तेवीस वर्षांपूर्वीची माय खणखणीत आवाजात व्हिडिओवाल्याला म्हणाली,

"मन्हा फोटू काय लेस, भाऊ! त्या दिल्याकडे देख पहिले! त्याले वायरजोडे जाऊ दिऊ नका! सकाळी त्यानी मांडवनी सगळी लाईट जाळी टाकी!"

मग पहिले हसले ते आप्पा. त्यांची खुर्ची गदगदा हलायला लागली. मग ताई, मग दाजी, मग सगळी खोली. वर्षभरात आमच्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. हसणं संपून दुसरं काही कधी सुरू झालं ते कोणालाच कळलं नाही. ताईने खिडकीवरची गोधडी ओढली तेव्हा आप्पांचे दोन्ही गाल भिजलेले होते. माझेही होते, पण कढीत कोणाला काय ओळखू येतंय!

आठवड्याने मी गुपचूप शाळेचा प्रोजेक्टर आणला. वीतभर डबा, आत एकच दिवा. दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. आप्पांना खुर्चीत बसवलं, खिडक्या झाकल्या, लॅपटॉप जोडला आणि व्हिडिओ सुरू केला. मांडवातली सनई वाजायला लागली.

"दिखनी," आप्पा लगेच म्हणाले. "बहू चांगली दिखी ऱ्हायनी. पिवळी साडी शे. हासी ऱ्हायनी."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी होती. भिंगावरचं टोपण मी काढलंच नव्हतं.

आप्पा सांगत होते. नथ सांगितली, ताट सांगितलं, हातातल्या बांगड्यासुद्धा सांगितल्या. मी आवाज न करता टोपण काढलं. माय भिंतीवर आली, एवढी मोठी आणि एवढी स्वच्छ की नथीतला मोती न् मोती मोजावा. आप्पांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. ते शेजारच्या खिडकीवरच्या गोधडीकडे बघत होते, आणि सांगत होते.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो. त्यांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आप्पा, अजून लख्ख करू का?"

"नको रे भो, नको!" ते घाईघाईने म्हणाले. "इतलं पुरे शे." आणि माझ्या डोक्यावरचा हात तसाच ठेवून त्यांनी खुर्ची मात्र हातभर मागे सरकवली.